नवेगाव बांधच्या मधोमध उघडलेली मेल

दादा निवृत्त झाला आणि महिनाभरात त्याने घरातले सगळे गळके नळ, करकरणारी दारं आणि बंद पडलेली घड्याळं दुरुस्त करून टाकली. मग करायला काही उरलं नाही. एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला, चहा घेतला आणि म्हणाला, "शीलू, तुही गाडी लांब जाते का वं?"

"जाते ना. काहून?"

"नवेगावले जाऊ म्हणतो. बांध पाहून येऊ. तुही वहिनीबी तयार हाय."

असा तो प्रवास ठरला. नवेगाव बांधला कसं जायचं, राहायची सोय कशी आहे, असं बरेच वाचक मला विचारतात. सांगते सगळं. पण ती एक सहल सांगितल्याशिवाय मला नवेगावबद्दल बोलताच येत नाही. गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. मोबाईलला बटणं होती, त्यावर बोलता यायचं आणि निरोप पाठवता यायचे, बस. मेल वाचायची तर कॉम्प्युटर लागायचा.

दादाला नवेगाव नवीन नव्हतं. सत्तरच्या दशकात, नोकरीच्या पहिल्या वर्षांत, तो तिकडे अर्जुनी-मोरगावला पाटबंधारे खात्यात कारकून होता. लग्न नुकतंच झालेलं. सुटीच्या दिवशी सायकलवर डबल सीट वहिनीला घेऊन तळ्यावर जायचा. वहिनी काठावर बसायच्या आणि हा एकटाच होडीत फिरून यायचा. कारण मंदावहिनी पाण्याला भयंकर घाबरायच्या. त्यांचं माहेर नरखेडकडचं, संत्र्याच्या बागेतलं. बागेत दोन विहिरी होत्या, पण वहिनींनी कधी एकीतही वाकून पाहिलं नाही. लहानपणी सोबतची एक मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत विहिरीत गेली होती, एवढंच मला ठाऊक. त्या स्वतः त्याबद्दल बोलत नसत.

आणि अशा बाईचा एकुलता एक मुलगा, आमचा संघपाल, समुद्रावर गेला. नागपूरहून कुठल्याही दिशेने निघा, समुद्र सारखाच लांब. आमच्या अख्ख्या खानदानात कुणी खारं पाणी पाहिलेलं नव्हतं. संघू इंजिनिअर झाला आणि मालवाहू जहाजाच्या इंजिन रूममध्ये नोकरीला लागला. त्या दिवशी वस्तीत पेढे वाटले. वहिनींनी मात्र पेढा हातात घेतला आणि संध्याकाळपर्यंत तसाच वाटीखाली झाकून ठेवला.

संघू दर रविवारी मेल पाठवायचा. रोमन अक्षरांत मराठी. दादा-वहिनींना कॉम्प्युटरचं काही कळत नव्हतं, म्हणून मेल माझ्या पत्त्यावर यायची. मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते, त्यांच्याच गल्लीत राहते. रविवारी सकाळी दोघं आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून माझ्याकडे यायचे. मी वाचायची. वहिनी म्हणायच्या, "आता हळू वाच," म्हणजे दुसऱ्यांदा.

त्यामुळे सहलीच्या सामानात लॅपटॉप आलाच. शनिवार-रविवार जायचं, सोमवारी परत. रविवारची मेल चुकवून कसं चालेल? माझा लॅपटॉप तेव्हा नवा होता आणि चांगला विटेएवढा जड होता. मोबाईल त्याला जोडला की इंटरनेट लागायचं. जोडायची तार माझ्याकडे नव्हती, पण दोन्हींना इन्फ्रारेडची एकेक काळी काच होती. त्या काचा समोरासमोर धरल्या की दोघं आपापसांत बोलायचे. तिकडे रेंज असली म्हणजे झालं, असं म्हणून मी निघाले.

नोव्हेंबरची सकाळ होती. पारडी नाक्याशी तर्री पोहे खाल्ले. वहिनींनी घरून दशम्या आणि तिळाची चटणी घेतली होती, पण दादा म्हणाला, "तर्री खाल्ल्याबिगर गाव सोडल्यासारखं वाटत नाही." मौद्यापर्यंत ट्रकांच्या मागे धूर खात गेलो. भंडाऱ्याला वैनगंगेचा पूल आला तसे वहिनींनी डोळे मिटून घेतले. पूल संपल्यावर दादाने मागे वळून सांगितलं, "गेली नदी. उघड आता."

पुढे लाखनी, मग साकोली. हा रस्ता त्या दिवसांत अगदी पाहण्यासारखा असतो. धानाची कापणी चाललेली असते, दोन्ही बाजूंना पिवळी शेतं आणि कापलेल्या धानाचे गोल रचलेले ढीग. त्यांना तिकडे पुंजणे म्हणतात. काचा खाली केल्या की सगळ्या गाडीत ओल्या गवताचा आणि नव्या तांदळाचा वास येतो. साकोलीहून उजवीकडे वळायचं. वळलं की रहदारी संपते आणि जंगल लागतं. रस्ता तेव्हा अरुंद होता आणि जागोजागी उखडलेला, पण घाई नसली तर त्रास काही नाही. रेल्वेने यायचं तर गोंदिया-चांदाफोर्ट लाईन आहे, गाड्या मोजक्या. एस.टी. साकोलीहून मिळते.

राहायला तळ्याच्या वरच्या अंगाला विश्रामगृह. खोल्या साध्या, पण गाद्या स्वच्छ आणि व्हरांड्यातून सगळं पाणी दिसतं. सात डोंगरांच्या कुशीत ते तळं असं पसरलंय की पहिल्यांदा पाहणाऱ्याला माणसांनी बांध घालून केलंय यावर विश्वास बसत नाही. डोंगर तेवढे पाण्यात उलटे. मी फोन काढून पाहिला. रेंजची एक काडीसुद्धा नव्हती. खानसामा म्हणाला, "इथं कोणाचाच नाही लागत, म्याडम. डोंगर हाय ना चारीकून."

संध्याकाळी दादा आणि मी होडीत गेलो. मोटरबोट बंद होती, वल्ह्याची लाकडी होडी मिळाली. मोतीराम नावाचा मध्यमवयीन होडीवाला होता, अंगाने दणकट, बोलायला हौशी. वहिनींना दादाने विचारायचं म्हणून विचारलं. त्या पायरीवर शाल गुंडाळून बसल्या आणि म्हणाल्या, "तुमी या फिरून. मी येथून पाहत राहीन."

तळ्याच्या मधोमध गेलो आणि माझ्या पर्समध्ये फोन वाजला. एकामागून एक निरोप यायला लागले. काडी एक, मधूनच दोन. कुठल्यातरी दोन डोंगरांच्या फटीतून पलीकडचा टॉवर तिथे पाहत असावा. काठाकडे वळलो, पुन्हा शून्य. दादा हसून म्हणाला, "उद्याची मेल आता इथं येऊनच वाचा लागते." आम्ही ते थट्टेवारी नेलं. रात्री जेवणाला तळ्यातल्या मासोळ्यांचं झणझणीत कालवण आणि नव्या तांदळाचा भात होता. वहिनींनी खानसाम्याला मसाला विचारून घेतला.

रविवारी सकाळी दादा गावात पेपर आणायला गेला. नागपूरचा पेपर तिथे एस.टी.ने यायचा. मी व्हरांड्यात चहा घेत होते. दादा परत आला तो नेहमीसारखा आवाज देत आला नाही. पेपर त्याने चौकोनी घडी घालून शर्टाच्या आत खोचला होता. माझ्याजवळ येऊन हळू म्हणाला, "जरा गाडीपाशी चाल."

गाडीच्या आडोशाला त्याने पेपर उघडला. आतल्या पानावर बातमी होती. अरबी समुद्रात वादळ. एका मालवाहू जहाजाशी दोन दिवसांपासून संपर्क नाही. जहाजावर भारतीय कर्मचारी. जहाजाचं नाव दिलेलं नव्हतं. मस्कतहून मुंबईकडे निघालेलं जहाज, एवढंच.

मागच्या रविवारी संघूने लिहिलं होतं, मस्कतला माल चढतोय, मग मुंबई. ती ओळ मीच वाचून दाखवली होती, दोनदा.

"लय जहाजं असतात मस्कतले," दादा म्हणाला.

"असतात ना."

"एकच थोडी राहते."

त्याने पेपर पुन्हा घडी घालून शर्टात खोचला. मी म्हटलं, आधी कंपनीला फोन करू. मुंबईच्या ऑफिसचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. वहिनींना फळं घ्यायला जातो असं सांगून आम्ही गावातल्या एस.टी.डी. बूथवर गेलो. बरीच घंटी वाजल्यावर कुणीतरी उचललं. मी जहाजाचं नाव सांगितलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, आज संडे है. साहब लोग कल मिलेंगे. मेरे पास कोई खबर नहीं है." मी पुन्हा विचारलं, पेपरातलं ते जहाज हेच आहे का? तो म्हणाला, "मेरे को बोलने का ऑर्डर नहीं है, मॅडम." फोन ठेवला त्याने.

दादाला मी त्याचं ते शेवटचं वाक्य सांगितलं नाही. नागपुरात कुणाला तरी फोन करून माझी मेल उघडायला सांगावी म्हणून दुसरा नंबर फिरवला, तर रिसिव्हरमध्ये काहीच आवाज नाही. बूथवाला म्हणाला, "लाईन गेली. रस्त्यावर खड्डे खोदून राहिले ना, कुठंतरी केबल तुटली असंन."

बाहेर आलो तर बूथच्या दारात वहिनी उभ्या. विश्रामगृहापासून चालत आल्या होत्या. डोक्यावर पदर, पायात घरातल्या स्लीपर.

"फळं दुकानात भेटतात," त्या म्हणाल्या. "फोनच्या दुकानात काहून गेले तुमी?"

त्यांनी दादाच्या शर्टातून पेपर स्वतः ओढून काढला. वहिनी दहावीपर्यंत शिकलेल्या, मराठी पेपर रोज वाचतात. तिथेच रस्त्यावर उभं राहून त्यांनी ती बातमी वाचली. रडल्या नाहीत. पेपराची घडी घातली आणि मला विचारलं, "आज रविवार हाय. त्याची मेल आली असंन. तुही मशीन कुठं लागते?"

"साकोलीले जाऊ," दादा म्हणाला. "तिथं असंन एखादं नेटवालं दुकान."

"रविवारचं बंद असलं तर?" मी म्हटलं. "दादा, काल तळ्यात रेंज आली होती."

दादाने वहिनींकडे पाहिलं. मग मीच म्हटलं, "वहिनी, तुम्ही काठावर बसा. मी आणि दादा जाऊन येतो, लगेच."

"मी येतो," वहिनी म्हणाल्या.

"मंदा, होडी हाय ती," दादा म्हणाला.

"माहीत हाय मले काय हाय ती."

मोतीराम घाटावरच होता. आम्ही घाईत काय बोललो ते मला आठवत नाही, पण त्याने काही न विचारता होडी ओढून धरली. वहिनींनी एक पाय होडीत ठेवला, होडी हलली, आणि त्यांच्या घशातून लहान मुलीसारखा आवाज निघाला. तरी दुसरा पाय उचलला. मधल्या फळीवर बसल्या आणि दोन्ही हातांनी होडीची कड अशी धरली की बोटांची पेरं पांढरी झाली. पाण्याकडे पाहत नव्हत्या. माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपकडे पाहत होत्या.

ऊन वर आलं होतं. रानबदकांचा मोठा थवा पाण्यावर बसला होता, आमच्या होडीने तो उठला. एरवी मी ते पाहत राहिले असते. फोनमध्ये अजून काडी नव्हती. मोतीराम वल्हवत होता. "जराशीक पुढं," मी म्हणत होते. "अजून जराशीक."

काडी आली.

मी लॅपटॉप उघडला. दादाने फोन हातात घेऊन लॅपटॉपच्या काळ्या काचेसमोर धरला. दोन कॉम्प्युटरांच्या चित्राला जोडणारी रेघ आली, डायल सुरू झालं, आणि तुटलं. दादाचा हात थरथरत होता. फोन जरा तिरका झाला की संबंध संपला. पुन्हा. पुन्हा तुटलं. मी फोन फळीवर ठेवून पाहिला, तर होडीच्या प्रत्येक हिंदकळण्याला तो घसरायचा. त्यात उन्हाची तिरीप सरळ त्या काचेवर येत होती आणि जोडणी लागतच नव्हती. बॅटरीचं चिन्ह लाल झालं. काल रात्री विश्रामगृहातली वीज मधेच गेली होती, चार्ज अर्धाच झाला होता.

"दादा, हात स्थिर ठेव ना!"

"ठेवूनच राहिलो वं!" तो ओरडला. आम्ही भाऊबहीण आयुष्यात एकमेकांवर क्वचित ओरडलो असू.

"इकडं द्या," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी होडीची कड सोडली. आधी उजवा हात, मग डावा. उजव्या हातात फोन घेतला, मी दाखवला तसा काचेसमोर धरला आणि डाव्या हाताने पदर ओढून फोन, लॅपटॉप आणि माझं डोकं, सगळ्यांवर सावली धरली. त्यांचा हात अजिबात हलत नव्हता. जन्मभर चुलीवरचं भांडं काठोकाठ भरून उचलणारा हात तो. मोतीरामने वल्ही पाण्यातून काढून घेतली आणि होडीचं डोलणं हळूहळू शांत झालं.

पदराखाली अंधार होता, हळदीचा आणि साबणाचा वास होता. पडद्यावर रेघ आली. जोडलं गेलं. मेलचं पान वरून खाली एकेक पट्टी करत उघडायला लागलं. पहिली जाहिरात. दुसरी कॉलेजची सूचना. तिसरं नाव दिसायला लागलं ते अर्धंच, अक्षरांचे वरचे भाग तेवढे. मग पूर्ण झालं.

"आली," मी म्हटलं. "वहिनी, आजचीच आहे. पहाटेची."

वहिनी फोन तसाच धरून होत्या.

पान उघडायला वेळ लागला. मग मी वाचायला लागले. "आत्या, मी ठीक आहे. आधी हे आईला सांग आणि मग पुढचं वाच."

दादाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी वाचत राहिले. वादळात इंजिन बंद पडलं. वीज गेली, वायरलेसही गेला, म्हणून कुणाशी बोलता आलं नाही. दुसरं एक जहाज मदतीला आलं, त्याने ओढत परत नेलं. आता ओमानच्या किनाऱ्याजवळ नांगर टाकून उभे आहेत. सगळे आहेत, एकजणही गेला नाही. मदतीला आलेल्या जहाजावरून सगळ्यांना घरी एकेक मेल करू दिली.

पुढची ओळ वाचायला तोंड उघडलं आणि मी थांबले.

"काय झालं?" वहिनी म्हणाल्या. "थांबली काहून?"

पुढे लिहिलं होतं, "आत्या, हे आईला वाचून दाखवू नको."

मी दादाकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "शीलू, सगळं वाच. मी इथपर्यंत आली ना."

मग मी तेही वाचलं. "इंजिन रूममध्ये पाणी शिरलं तेव्हा मी खालीच होतो. लोखंडी दार लावताना डाव्या हाताची दोन बोटं मोडली. पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं. मला वाटलं, आता संपलं. मी मोठ्याने आईला हाक मारली, सगळ्यांच्या देखत. नंतर पोरं मला हसली. आमचे चीफ इंजिनिअर तेवढे हसले नाहीत. म्हणाले, मी पण मारली होती, फक्त मनात."

पदर थोडा खाली आला, माझ्या कपाळाला लागला. वहिनींनी तो पुन्हा नीट धरला.

"कोणता हात म्हने?" त्यांनी विचारलं.

"डावा."

"मंग जेवते बरोबर," त्या म्हणाल्या, आणि मग हसल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी धो धो वाहायला लागलं. पुसायला हात मोकळा नव्हता. दादाने आपल्या रुमालाने त्यांचे डोळे पुसले, भर दिवसा, होडीवाल्याच्या समोर.

"उत्तर पाठवता येईल," मी म्हटलं. "लवकर सांगा. बॅटरी जाते."

दादा म्हणाला, "लिव, काळजी घे." वहिनी म्हणाल्या, "लिव, बोटावर जोर देऊ नको म्हणा. दुधात हळद टाकून पे. अन् लिव, तुही माय तळ्यात हाय. मधोमध. भेव नाही वाटून राहिलं तिले."

मी टाइप केलं, चुकांसकट. बटण दाबलं. "पाठवली" असं दिसलं आणि पुढच्याच क्षणी लॅपटॉप बंद पडला. मेल गेली हे कळल्यावर वहिनींनी फोन दादाकडे दिला आणि दोन्ही हातांनी पुन्हा होडीची कड घट्ट धरली. "आता काठावर न्या," म्हणाल्या. "लवकर न्या."

इतका वेळ गप्प असलेल्या मोतीरामने तेव्हा विचारलं, "चांगली खबर हाय ना बाई?"

"पोरगं सुखरूप हाय," दादा म्हणाला. मोतीरामने वल्ही उचलली आणि असा काही वल्हवत सुटला की आम्ही काठाला लागलो तेव्हा त्याचा सदरा घामाने भिजला होता. होडीचे पैसे त्याने ठरलेलेच घेतले, पण दादाला घाटावर बसवून आपल्या डब्यातली सुपारी खाऊ घातली आणि दोघं जुन्या नवेगावच्या गप्पा मारत बसले.

दुपारी आम्हाला जी भूक लागली तशी मला पुन्हा कधी लागली नाही. खानसाम्याने दोनदा भात लावला. पानं पुसून खाल्ली. नंतर व्हरांड्यातल्या खुर्च्यांवर तिघंही बसल्या जागी झोपलो. जाग आली तेव्हा डोंगरांची सावली पाण्यावर पसरत होती आणि वहिनी एकट्याच घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसल्या होत्या. तळपाय पाण्यात होते. मी खाली गेले नाही.

सोमवारी सकाळी निघालो. साकोलीला मी कंपनीला पुन्हा फोन केला. या वेळी एका साहेबाने नीट माहिती दिली आणि कालच्या उत्तराबद्दल माफी मागितली. लाखनीला गरम भजी खाल्ली. दादा वाटेत जुन्या साहेबांच्या नकला करत होता आणि वहिनी त्याला दुरुस्त करत होत्या.

नवेगावला जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. पक्षी तेव्हाच येतात. सकाळी उजाडताच होडी घ्या, वारा सुटायच्या आधी. शनिवारची खोली आधी सांगून ठेवा. वाटेत भंडाऱ्याला पितळेची भांडी घ्यायची असतील तर भाव करा. रेंजची काळजी आता करू नका, हल्ली म्हणे काठावरही येते.

मला विचाराल तर त्या प्रवासातलं काय उरलं? सुटका. ती अंगात असते, हे मला तिथे कळलं. गुडघ्यांत, पोटात, खांद्यांत. पुढे कित्येक वर्षं एखादी वाईट शंका मनात आली की मी स्वतःला सांगायची, अजून मेल उघडलेली नाही. संघू चार महिन्यांनी घरी आला. एक बोट कायमचं वाकडं राहिलंय, बाकी ठणठणीत. त्याने जहाज सोडलं नाही, आणि वहिनींनी त्याला सोड म्हटलं नाही.

परतल्यानंतरच्या रविवारी दोघं नेहमीसारखे माझ्याकडे आले. मी खुर्चीवर बसायला गेले तर वहिनी म्हणाल्या, "तू सरक." स्वतः बसल्या. चष्मा लावला. रोमन अक्षरं त्यांना शाळेतून येत होती, पण कीबोर्डच्या किल्ल्यांवर ती कुठे कुठे विखुरलेली असतात हे पाहून त्या वैतागल्या. एका बोटाने शोधत शोधत त्यांनी दोन शब्द लिहिले: जेवला काय? माझा चहा निवून गेला तेवढ्यात. पाठवायचं बटण मी दाखवलं, दाबलं त्यांनी.

जहाज दुरुस्तीसाठी बंदरात होतं, म्हणून उत्तर लगेच आलं. "आत्या, हे कोण लिहितंय?"

वहिनींनी चष्मा पुढे सरकवला. मी मदतीला वाकले तर हाताने मला मागे केलं. मग एकेक किल्ली शोधून, दाबून, नीट दिसली का ते पडद्यावर पाहून त्यांनी लिहिलं: एम, ए, वाय.

माय.